नावाजलेल्या वाईनरीची परवडणारी कॅबर्ने: आत नेमकं काय असतं?

जगात वाईन कमी खपायला लागली आहे. द्राक्ष आणि वाईन क्षेत्रातली आंतरराष्ट्रीय संघटना ओआयव्ही हिच्या अंदाजानुसार 2024 मध्ये जगभरात सुमारे 2,140 कोटी लिटर वाईन प्यायली गेली. 1961 नंतर इतका कमी आकडा कधी आला नव्हता. रेड वाईनला याचा जास्त फटका बसलाय. फ्रान्समधल्या बोर्दोत तर अनुदान देऊन सुमारे 9,500 हेक्टर द्राक्षबागा उपटून टाकायची योजना 2023 मध्ये आखावी लागली.

महागड्या बाटलीचं गिऱ्हाईक आटलं की नामवंत वाईनरीची भिस्त तिच्या दुसऱ्या, स्वस्त म्हणजे धाकट्या बाटलीवर येते. वरती तेच वजनदार नाव, लेबलची रंगसंगती थोरल्या बाटलीशी मिळतीजुळती, खाली बारीक अक्षरात 'कॅबर्ने सॉव्हिन्यॉन, मर्लो' ही द्राक्षांची नावं किंवा नुसतंच 'रेड ब्लेंड' (लाल वाईनचं मिश्रण), आणि किंमत थोरल्या बाटलीच्या चौथाई किंवा दहाव्या हिश्शाची. घेणाऱ्याच्या मनात दोन शंका येतात. ही सवलत आहे, की नाव दाखवून उरलंसुरलं गळ्यात मारलं जातंय? आणि कॅबर्ने एवढी थोर असेल तर तिच्यात दुसरं काही मिसळलंच का?

दोन्ही शंका रास्त आहेत. उत्तराची सुरुवात द्राक्षापासून करावी लागते.

कॅबर्नेचा स्वभाव

कॅबर्ने सॉव्हिन्यॉनचा मणी लहान आणि काळसर निळा, साल जाड. दाताखाली धरला तर गर पटकन संपतो आणि साल-बिया चघळत बसावं लागतं. काही क्षणांत हिरड्या आणि गालांची आतली बाजू कोरडी पडते, जीभ खरखरीत लागते. हा टॅनिनचा परिणाम. टॅनिन म्हणजे साल, बिया आणि देठांतला तुरट पदार्थ. तो लाळेतल्या प्रथिनांना चिकटतो, त्यामुळे तोंडातला ओलसरपणा गेल्यासारखा वाटतो. लहान मण्यात रसाच्या मानाने साल आणि बिया जास्त, म्हणून कॅबर्नेच्या वाईनला गडद रंग, ठाम तुरटपणा आणि वर्षानुवर्षं टिकायची ताकद मिळते.

हे द्राक्ष पिकतंही उशिरा. पुरतं पिकलं नाही तर वाईनला ढोबळ्या मिरचीसारखा हिरवट वास येतो. पायराझिन नावाच्या ज्या संयुगामुळे तो येतो, ते लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं. कॅबर्नेचे आईबापही बघण्यासारखे आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या कॅरोल मेरेडिथ आणि जॉन बॉवर्स यांनी 1997 मध्ये डीएनए तपासून दाखवलं, की हे वाण लाल कॅबर्ने फ्रां आणि पांढऱ्या सॉव्हिन्यॉन ब्लां यांच्या संकरातून जन्माला आलंय. संकर कुणी मुद्दाम केला नव्हता; बागेत आपोआप घडलेली ती गोष्ट होती.

मग त्यात दुसरं द्राक्ष कशाला? ही भेसळ नव्हे का?

नव्हे. जगातल्या सर्वांत मानाच्या कॅबर्नेंपैकी कितीतरी वाईन मिश्रणच आहेत. शातो लातूर, शातो मार्गो, शातो लाफीत ही बोर्दोतली पहिल्या पंक्तीची नावं. शातो म्हणजे द्राक्षबागेसकट वाईनघर. त्यांच्या मुख्य वाईनमध्ये कॅबर्ने सॉव्हिन्यॉनचा वाटा बहुधा खूप मोठा असतो, पण सोबतीला मर्लो असते, कधी कॅबर्ने फ्रां, कधी चिमूटभर पेटी व्हर्दो.

ही पद्धत जमिनीतून आणि हवामानातून आली. बोर्दोच्या मेडॉक भागात खडेगोट्यांची जमीन आहे. तिच्यातून पाणी चटकन निचरतं आणि ती लवकर तापते, त्यामुळे उशिरा पिकणाऱ्या कॅबर्नेला मानवते. चिकणमातीची जमीन गार आणि ओलसर. तिथे लवकर पिकणारी मर्लो बरी येते. एकाच मालकाकडे दोन्ही तऱ्हेच्या जमिनी असतील तर तो दोन्ही वाणं लावतो. फुलोऱ्यात पाऊस आला तर मर्लोचं नुकसान, काढणीच्या तोंडावर आला तर कॅबर्नेचं. दोन्ही एकदम बुडण्याची शक्यता कमी. पीकविम्याच्या कितीतरी आधीचा हा विमा.

चवीतही दोघांची गरज जुळते. कॅबर्नेच्या घोटात सुरुवातीला काळ्या बेरीसारखं फळ जाणवतं, शेवटी तुरटपणा येतो, आणि मध्ये कधीकधी पोकळी राहते. मर्लोचा मणी मोठा, साल पातळ, गर भरपूर. ती पोकळी ती भरून काढते. कॅबर्ने फ्रां वास खुलवते. पेटी व्हर्दो जेमतेम दोन-चार टक्के घातली तरी रंग आणि कणा देते. ऑस्ट्रेलियात मर्लोच्या जागी बऱ्याचदा शिराझ घेतात. बोर्दोच्या कर्मठ मंडळींना ते रुचत नाही, पण मला ही जोडी अनेकदा जास्त मोकळी वाटते.

आता एक गंमत. लेबलवर नुसतं 'कॅबर्ने सॉव्हिन्यॉन' लिहिलेलं असलं तरी आत शंभर टक्के कॅबर्ने असेलच असं नाही. अमेरिकेच्या नियमानुसार ते नाव लावायला 75 टक्के कॅबर्ने पुरते. युरोपीय संघात आणि ऑस्ट्रेलियात 85 टक्के लागते. म्हणजे 76 टक्केवाली अमेरिकी बाटली 'कॅबर्ने' म्हणून ऐटीत उभी राहते आणि 74 टक्केवालीला ब्लेंड म्हणवून घ्यावं लागतं. चवीत दोन टक्क्यांनी काय फरक पडणार? कधीकधी ब्लेंडवालीच जास्त प्रामाणिक असते, कारण ती मागच्या लेबलवर प्रत्येक द्राक्षाची टक्केवारी देते.

सगळी ब्लेंड मात्र अशी नसतात. काही 'रेड ब्लेंड' बाटल्यांवर द्राक्षाचं नाव नाही, नेमका प्रदेश नाही, टक्केवारी नाही. त्यांतल्या काहींमध्ये लिटरला 10 ग्रॅम किंवा त्याहून जास्त साखर शिल्लक असते, तर कोरडी म्हणवणारी रेड साधारण 4 ग्रॅमच्या आत असते. साखर कच्चेपणा झाकते. गोडसर आवडत असेल तर खुशाल घ्यावी, पण ती कॅबर्नेची ओळख नव्हे.

पण तीच माणसं, तीच वाईनरी, मग इतकी स्वस्त कशी?

मोठा हिस्सा ओकच्या पिंपांचा. बोर्दोच्या पारंपरिक पिंपात 225 लिटर वाईन मावते, म्हणजे बरोबर 300 बाटल्या. नव्या फ्रेंच ओकच्या पिंपाची किंमत या 300 बाटल्यांवर चढते. नवं पिंप व्हॅनिलासारखा, भाजलेल्या लाकडासारखा वास देतं, पण तीन-चार हंगामांत त्याचा जोर ओसरतो आणि मग ते फक्त भांडं उरतं. थोरली वाईन नव्या पिंपात जाते, धाकटीच्या वाट्याला थोरलीने वापरून सोडलेली पिंपं येतात.

हे ऐकायला कमीपणाचं वाटतं, प्रत्यक्षात तसं नाही. ऑस्ट्रेलियाच्या पेनफोल्ड्सची बिन 389 ही कॅबर्ने-शिराझ 1960 पासून निघते. तिचा काही भाग त्यांच्या ग्रेंज या सर्वोच्च वाईनने आधी वापरलेल्या पिंपांत मुरतो, म्हणून लोक तिला 'बेबी ग्रेंज' म्हणतात. तिचा बोलबाला इतका वाढला, की आता तीही स्वस्त राहिलेली नाही. त्याच घराण्याची कूनुंगा हिल ही 1976 पासूनची शिराझ-कॅबर्ने आजही परवडणाऱ्यांत मोडते.

पिंपाचाही खर्च नको असेल तर स्टीलच्या टाकीत ओकच्या फळ्या किंवा चिपा सोडतात. युरोपीय संघाने चिपांना 2006 मध्ये परवानगी दिली. यात फसवणूक काही नाही, मात्र चव वेगळी येते. लाकडाचा वास वरवर तरंगतो. पिंपातून हळूहळू झिरपणाऱ्या हवेमुळे टॅनिन जसं निवळतं, तसं टाकीतल्या चिपांनी आपोआप होत नाही.

दुसरा खर्च वेळेचा. थोरली वाईन पिंपात दीड वर्ष आणि मग बाटलीत काही काळ पडून असते, तोवर पैसा अडकलेला. धाकटी सहा ते बारा महिन्यांत बाहेर पडते. तिसरा खर्च पिकाचा: थोरलीसाठी वेलीवरचे घड विरळ करतात, हाताने खुडतात, टेबलावर निवडतात. धाकटीसाठी वेलीला थोडे जास्त घड ठेवतात आणि काढणी यंत्राने करतात. आणि उरलेला फरक? तो नावाचा. बाटलीतल्या द्रवाशी त्याचा फारसा संबंध नसतो.

थोडक्यात, थोरलीतून उरलेली ती धाकटीत?

इथेच खरी मेख आहे, कारण 'नावाजलेल्या वाईनरीची परवडणारी बाटली' या एका वर्णनात तीन वेगळ्या वस्तू लपलेल्या असतात.

मासिकाच्या संपादकाचं उदाहरण घेऊ. विशेषांकासाठी चाळीस लेख आले, जागा पंधरांना आहे. बाद झालेल्यांतले काही कच्चे असतात, पण काही केवळ त्या विषयावर दुसरा लेख आधीच घेतलाय म्हणून राहतात. ते पुढच्या साध्या अंकात लागतात. हा झाला पहिला प्रकार. दुसऱ्या प्रकारात संपादक साध्या अंकासाठी वेगळेच लेख लिहवून घेतो. विशेषांकाशी त्यांचा संबंध नसतो, नजर मात्र त्याचीच असते. तिसऱ्यात मासिकाचं नाव चालतंय म्हणून त्याच नावाने बाहेरून जमवलेल्या मजकुराचे अंक निघतात.

पहिल्या प्रकाराला वाईनच्या जगात 'दुसरी वाईन' म्हणतात. ती कशी ठरते ते पाहू. बागेच्या प्रत्येक तुकड्याची द्राक्षं वेगळी आंबवलेली असतात. हिवाळ्यात सगळे नमुने टेबलावर मांडतात: क्रमांक घातलेल्या बाटल्या, एक मोजपात्र, ग्लासांची रांग आणि बाजूला थुंकायची बादली. सत्तर मिली या तुकड्याची कॅबर्ने, पंचवीस त्या तुकड्याची मर्लो, पाच पेटी व्हर्दो. हलवायचं, चाखायचं, थुंकायचं, नोंदवायचं, पुन्हा प्रमाण बदलायचं. एखाद्या तुकड्याची वाईन एकटी झकास लागते, पण मिश्रणात घातली की आडवी येते. तिची रवानगी दुसऱ्या वाईनमध्ये. कोवळ्या वेलींची, फार मऊ उतरलेली, लवकर पिण्यासारखी वाईनही तिकडेच जाते. शातो मार्गोची पाव्हियाँ रूज 1908 पासून या नावाने ओळखली जाते. लातूरच्या ले फोर द लातूरचा पहिला हंगाम 1966 चा. अशा घरांमध्ये थोरल्या वाईनसाठीची निवड फार कडक झालीय. मार्गोत तर निम्म्याहून जास्त पीक थोरल्या बाटलीत जातच नाही. अडचण इतकीच, की या घरांच्या दुसऱ्या वाईनही आता सामान्यांच्या खिशापलीकडे गेल्यात. परवडणारी दुसरी वाईन शोधायची तर एक-दोन पायऱ्या खालच्या, पण काटेकोर काम करणाऱ्या शातोंकडे वळावं.

'कोवळ्या वेली' या कारणाकडे मी जरा साशंक नजरेने बघतो. 1976 साली पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परिअर यांनी घेतलेल्या चाचणीत फ्रेंच परीक्षकांनी लेबल न बघता कॅलिफोर्नियाच्या स्टॅग्ज लीप वाईन सेलर्सच्या 1973 च्या कॅबर्नेला बोर्दोच्या नामांकित मुतॉं रॉथशिल्डच्या वर बसवलं. त्या कॅबर्नेची बाग लावली होती 1970 मध्ये! बोर्दोतल्या एखाद्या घराने तीन वर्षांच्या वेलींची ती वाईन डोळे झाकून धाकट्या बाटलीत ढकलली असती.

दुसऱ्या प्रकाराचं उत्तम उदाहरण इटलीच्या तेनूता सान ग्वीदोचं. त्यांची थोरली वाईन सासिकाया: कॅबर्ने सॉव्हिन्यॉन आणि थोडी कॅबर्ने फ्रां. 2000 च्या हंगामापासून ते ग्विदालबेर्तो नावाची वाईन काढतात. तिच्यात मर्लो असते, जी सासिकायात नसते. म्हणजे ग्विदालबेर्तो ही सासिकायाची गाळसाळ असूच शकत नाही. तिचा आराखडाच निराळा, लवकर पिता यावी असा.

तिसऱ्या प्रकारातलं सर्वांत प्रसिद्ध नाव मुतॉं कादे. 1930 चा हंगाम बोर्दोत वाईट गेला. बॅरन फिलिप द रॉथशिल्ड यांनी ती वाईन आपल्या शातो मुतॉं रॉथशिल्डच्या नावाने न विकता वेगळ्या नावाखाली स्वस्तात काढली. ती इतकी खपली, की मागणी पुरवायला बोर्दोच्या इतर भागांतून वाईन आणि द्राक्षं घ्यावी लागली. आज ती बोर्दोभरच्या बागायतदारांच्या द्राक्षांपासून बनते. वाईन नीटनेटकी असते, पण ती पिऊन शातो मुतॉंच्या बागेची चव कळली असं कुणी म्हणत असेल तर तो गैरसमज.

तिन्ही प्रकार कायदेशीर आहेत, तिन्हींत चांगली वाईन असू शकते. पैसे देताना आपण काय विकत घेतोय एवढं कळायला हवं: बागेचा हिस्सा, बनवणाऱ्याचा हात, की फक्त आडनाव.

दुकानात उभं राहून हे कसं ओळखायचं?

बाटली फिरवून मागची बाजू वाचायची. प्रदेशाचं नाव जितकं लहान गावाचं, तितकी द्राक्षं कुठली हे पक्कं. नुसतं 'बोर्दो' किंवा 'कॅलिफोर्निया' लिहिलं असेल तर द्राक्षं त्या अख्ख्या मुलुखातून आलेली असू शकतात. बोर्दोतलं 'पोइयाक' किंवा कॅलिफोर्नियातलं 'ओकव्हिल' असेल तर रिंगण आवळलं. अमेरिकी बाटलीवर 'इस्टेट बॉटल्ड' असेल तर सगळी द्राक्षं वाईनरीच्या मालकीच्या किंवा ताब्यातल्या जमिनीवरची असावी लागतात. 'रिझर्व्ह' या शब्दाला स्पेन-इटलीत कायद्याचा आधार आहे, अमेरिकेत शून्य. बाटलीचं जाडजूड वजन आणि बुडाचा खोल खळगा यांवरून काहीच ठरत नाही.

वाईनरीच्या संकेतस्थळावर त्या वर्षाचं तांत्रिक टिपण असेल तर तेच सर्वांत कामाचं. टक्केवारी, पिंपातले महिने, नव्या पिंपांचा वाटा, सगळं तिथे असतं. जी वाईनरी थोरल्या बाटलीचं टिपण दोन पानी आणि धाकटीचं दोन ओळी देते, तिने धाकटीची किती फिकीर केली ते समजतं.

डोळे झाकून चाखली तर फरक कळतो का?

सगळ्यांना नाही. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लेबल झाकून घेतलेल्या 6,000 हून जास्त चाचण्या तपासल्या. प्रशिक्षण नसलेल्या लोकांना महाग वाईन जास्त आवडते असं दिसलं नाही. उलट किंचित कमीच आवडली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या प्रयोगात एकच वाईन वेगवेगळ्या किमती सांगून दिली, तेव्हा किंमत जास्त सांगितल्यावर लोकांना ती जास्त आवडली, आणि मेंदूच्या स्कॅनमध्येही आनंदाशी निगडित भाग जास्त सक्रिय दिसला.

याचा अर्थ महाग वाईन थोतांड असा काढू नये. तरुण, महाग कॅबर्ने बहुतेकदा घट्ट आणि तुरट असते, दहा वर्षांनी उलगडेल अशी बांधलेली. नव्याने पिणाऱ्याला ती रुक्ष लागणारच. धाकटी आजच पिण्यासाठी केलेली, म्हणून आज तीच जिंकते.

मग धाकटी दहा वर्षं ठेवून दिली तर?

वाया जाईल. टॅनिन आणि आम्ल यांच्या जोरावर वाईन टिकते, आणि इथे टॅनिन मुद्दाम सौम्य ठेवलेलं असतं. हंगामापासून दोन ते पाच वर्षांत ती संपवावी, 16 ते 18 अंशांवर, उघडल्यावर अर्धा तास हवा देऊन. फार गरम ओतली तर अल्कोहोलच नाकात शिरतं. उरलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस बरी राहते.

रेड वाईन हृदयाला चांगली ना?

त्यावर विसंबू नये. सालीतल्या ज्या रेझव्हेराट्रॉलचं कौतुक होतं, ते वाईनमध्ये लिटरला मोजके मिलिग्रॅम असतं. अल्कोहोल मात्र 13.5 टक्क्यांच्या एका बाटलीत सुमारे 80 ग्रॅम, बाटली थोरली असो वा धाकटी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1988 मध्येच अल्कोहोलयुक्त पेयांना कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय.

कोणत्या वर्षाची घ्यावी?

यावर दोन मतं आहेत. एक म्हणतं, हंगाम वाईट असेल तर वाईनरी थोरल्या बाटलीची निवड आणखी कडक करते आणि एरवी तिकडे गेला असता असा माल धाकटीत येतो, म्हणून वाईट वर्षाची धाकटी घ्यावी. युक्तिवाद चलाख आहे, पण मला पटत नाही. बोर्दोचा 2013 चा हंगाम थंड आणि ओला गेला; कॅबर्ने नीट पिकलीच नाही. कडक निवडीनंतर खाली आला तो हिरवटपणाही. 2016 किंवा 2019 सारख्या वर्षी मात्र मर्लो आणि कॅबर्ने दोन्ही पिकल्या, अगदी साध्या तुकड्यांतल्यासुद्धा. थोरल्या बाटलीला तिची बाग दरवर्षीच सांभाळून घेते, धाकटीला चांगल्या उन्हाची गरज जास्त. म्हणून वर्ष बघून खरेदी करायची असेल तर ती थोरलीपेक्षा धाकटीच्या बाबतीत करावी.